फीत कापलेला दवाखाना

वाघदरीचा दवाखाना मंत्र्यांनी कागदावरच बांधला, अशी देवजी वळवीची तक्रार होती. त्याची सून बाळंतपणाला झोळीतून नेताना वाटेतच गेली होती.

मंत्री साक्षीच्या पिंजऱ्यात ऐटीत म्हणाले, "उद्घाटनाची फीत मी तिथे जाऊन स्वतः कापलीय."

"मग उद्या गाडीने स्थळपाहणीला जाऊ," न्यायाधीश टिपणीसबाई म्हणाल्या.

मंत्री गडबडले. "तिकडे गाडी जात नाही, बाई. आणि डोंगर चढणं मला कधीच जमलं नाही."

"मग फीत कापायला झोळीतून गेला होतात का?"

बाईंनी प्रत्येक शब्द नोंदवून घेतला.

संध्याकाळी त्यांच्या हातात बदलीचा हुकूम पडला. दारात देवजी उभा होता. "बाई, आता दवाखाना होईल ना?"

बाईंनी हुकमाची घडी घातली.