गांडुळाचा कान

वेणूबाई गवांदेंनी गांडूळखताच्या अनुदानाचा अर्ज शेवटच्या दिवशी दिला. कृषी कार्यालयात गुरांच्या अर्जाचाच छापील नमुना होता, तोच त्यांनी भरला. खरवंडीकर साहेबांनी तो परत सरकवला. ‘कानातील बिल्ला क्रमांक’ हा रकाना मोकळा होता.

“साहेब, गांडुळाला कसला बिल्ला?”

“बाई, रकाना मोकळा चालत नाही. आज भरा, नाहीतर अनुदान विसरा.”

तासाभरात वेणूबाई परतल्या. त्यांनी गांडुळांची टोपली साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि गुरांना बिल्ला मारायचा चिमटा काढला.

“बिल्ले मी मारते. तुम्ही फक्त एकेकाचा कान धरा.”

दोन गांडुळं फायलीवर उतरली. साहेबांनी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली. मग हात लांबवून अनुदान मंजूर केलं आणि रकान्यात लिहिलं, ‘समक्ष तपासणी केली. कान आढळले नाहीत.’