कांद्याचा ठराव

अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या पुढाऱ्यांत संवाद घडवणारी एक संस्था होती. तिच्या ब्रसेल्सच्या परिषदेत आपल्या वसुमतीबाई कर्णिक दुभाषी होत्या. समारोपाला अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले, "इथे प्रत्येकाने समोरच्याचा शब्दन्‌शब्द ऐकला! आता दुभाषी कशाला? बाई, पुढच्या वर्षीपासून येऊ नका."

बाईंनी माइक ओढला. "जाते की! पण जेवणानंतर दोन तास मी तुमच्या हेडफोनमध्ये भाषणांऐवजी थालीपीठाची कृती सांगत होते. त्यात कांदे किती, एवढं कुणीतरी सांगा."

दोनशे पुढारी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले.

अध्यक्षांनी घाम पुसला आणि तिथल्या तिथे ठराव मांडला, "कांद्याच्या प्रश्नावर सखोल चर्चा झाली. मतभेद उरले आहेत, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा बसू. दुभाषी याच बाई."