आणखी एक थर

पिंजऱ्यातले पक्षी आपलं सुखदुःख बोलून दाखवत, त्या काळातली गोष्ट. फिंचच्या एका जोडीने मडक्यात घरटं केलं, मादीने अंडी घातली. मालक हौशी. रोज मूठभर काथ्या टाकायचा, आणि नर त्यातला एक धागाही सोडायचा नाही.

"आता पुरे. अंडी झाकली जातायत," मादी म्हणाली.

"पिल्लांना टोचायला नको. एवढा एकच थर."

ती दाणे टिपायला उतरली की तो अंड्यांवर काथ्या पसरायचा. मादी वर बसत राहिली, पण तिची ऊब खाली पोचेना. शेवटी तिने चोचीने उकरून पाहिलं. तळाशी अंडी थंडगार पडली होती.

"किती मऊ झालंय बघ," नर म्हणाला.

सकाळी मालकाने पुन्हा मूठभर काथ्या टाकला. नराने पहिला धागा उचलला.