जेवायला आलेला डोंगर

एक होता गोठा. गोठ्यात गाई होत्या, बैल होते, आणि गोठ्याला पाठ लावून एक डोंगर बसलेला होता. इतका जवळ, की खिडकीतून मान काढली की गाईच्या तोंडाला गवत लागायचं.

त्या घरात नवी सून आली. तिचं नाव ठमा. कामाला चोख, पण घाई फार.

श्रावण सरत आला. धुकं असं उतरलं, की आपलं नाक आपणच चाचपून बघावं. पोळ्याची आदली संध्याकाळ होती. त्या संध्याकाळी काय करतात, माहीत आहे ना? वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दुखतात. मग दोन्ही खांदे हळद-लोण्यानं चोळायचे, आणि कानात म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

सासू म्हणाली, "ठमे, यंदा तू चोळ. पण कुणी राहता कामा नये हं."

मग ठमा वाटी घेऊन धुक्यात शिरली. पोवळ्याचे खांदे चोळले, आवतण दिलं. हौश्याचे चोळले, आवतण दिलं. मग पुढे आणखी एक खांदा हाताला लागला. गार, ओला आणि चांगलाच रुंद.

"अगंबाई, मामंजींनी नवा बैल आणला वाटतं," ठमा म्हणाली. चोळता चोळता लोणी संपलं. दुसरा खांदा काही सापडेना. "असू दे," म्हणाली, आवतण दिलं आणि भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी बैल सजून दारात आले. त्यांच्यामागून डोंगर आला.

हो, चालत. डोंगराला पाय असतात, बरं का. तो त्यांच्यावर बसलेला असतो, म्हणून दिसत नाहीत. अंगावर झाडं, झाडांवर माकडं, आणि मागे ओहोळ शेपटीसारखा. अंगणात आला आणि हळूच बसला. तरी चुलीवरचं दूध सांडलं.

सगळे वर बघत राहिले. बघता बघता मामंजींचं पागोटं मागे पडलं. मग सासू अगदी हळू म्हणाली, "याला कुणी बोलावलं?"

"मी, आत्याबाई."

"मग उभी काय राहिलीस? वाढ की!"

वाढलं. डोंगरानं पुरणपोळ्या खाल्ल्या. परात खाल्ली. ढेकर दिला, तशी गवताची गंजी उडून छपरावर बसली. पण उठायचं काही नाव नाही.

पहिल्यांदा बरं वाटलं. उंबरा ओलांडला की कुरण. गाई सकाळी डोंगरावर चढायच्या, संध्याकाळी पोट भरून घरंगळत घरी यायच्या. पण मामंजींच्या लक्षात आलं. ओहोळाचं तोंड आता गोठ्याच्या दाराकडे होतं. ते म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात ढग याला शोधत इथंच येणार. सगळं पाणी गोठ्यातून जाईल. एक वासरू राहायचं नाही."

ठमा उठून गोठ्यात गेली. तिची लाडकी चांदी गाय तेव्हा गाभण होती.

मग दिवाळी आली. सासू म्हणाली, "पाहुणा अर्धपोटी राहिला असेल." पुन्हा पुरण घातलं. डोंगरानं ते खाल्लं आणि आणखी ऐसपैस बसला.

मग थंडी पडली. ठमाच्या नवऱ्यानं डोंगराला दोर बांधले, सगळे बैल जुंपले आणि ओढलं. डोंगर तसाच. पण एक दोर घराच्या खांबाला अडकला होता, त्यामुळे घर हातभर पुढे आलं. अजून तिथंच आहे.

मग उन्हाळा आला. मामंजी डोंगराजवळ गेले. जांभई दिली. म्हणाले, "उन्हाच्या आत निघालेलं बरं असतं, नाही का?" डोंगरानंही जांभई दिली. मामंजी तीन शेतं पलीकडे सापडले.

आता आभाळात ढग दिसायला लागले. लांब, पण येणारे. चांदीला वासरू झालं होतं, आणि ते दाराशीच बांधलेलं.

ठमा गोठ्यात जाऊन बसली. सुचेना, म्हणून पोवळ्याचा खांदा चोळत राहिली. जरा वेळानं पोवळ्या वळला आणि त्यानं दुसरा खांदा पुढे केला. नुसता पुढे करून उभा राहिला.

ठमा ताडकन उठली. "आत्याबाई! मी त्याचा एकच खांदा चोळला!"

सासूनं कपाळावर हात मारला. "अगं भवाने, मग दुसरा खांदा दुखत असताना तो उठेल कसा?"

पण उन्हाळ्यात दूध आटलेलं असतं. मग घराघरातून थोडं थोडं लोणी आलं. गावात सगळ्यांनी कोरडी भाकरी खाल्ली आणि कुणी कुरकुर केली नाही. ठमा हंडा घेऊन पलीकडच्या खांद्यावर चढली आणि दोन्ही हातांनी चोळायला लागली.

आधी काहीच झालं नाही. मग दगड कोमट झाला. मग आत खोल कुठंतरी श्वास हलला. माशी बसल्यावर बैलाची कातडी थरथरते ना, तसा अख्खा डोंगर थरथरला. सगळी पाखरं एकदम उडाली. आणि डोंगर उभा राहिला. ठमाच्या पायाखाली गावं लहान झाली, नदी दोरीएवढी झाली, आणि येणारे ढग तिच्या गुडघ्यांना लागले. ती रडत होती की हसत, तिलाही कळेना. शेजारी चांदी चरत होती. तिनं मान वर केली नाही.

डोंगर आपल्या जागी गेला आणि बसला. ढग येऊन त्याला टेकले. ओहोळ पलीकडून वाहायला लागला. अंगणात डोंगराच्या बुडाचा खड्डा राहिला. तो भरला, त्याचं तळं झालं. गुरं तिथं पाणी पितात.

मग पुढच्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ठमा लोण्याचा हंडा घेऊन गेली. दोन्ही खांदे चोळले. मग गुहेशी वाकली, कारण तो त्याचा कान, आणि म्हणाली, "आज आवतण घ्या. उद्या तुम्ही बसा. जेवण मीच घेऊन येते."

तेव्हापासून गाई सुखात, माणसं सुखात, डोंगर आपल्या जागी. आता तुम्हीही आपापल्या जागी. दोन्ही खांदे पांघरुणात घ्या बघू. एक बाहेर राहिला आणि सकाळी उठता आलं नाही, तर मला सांगायचं नाही.