कण्हेरीचे न चावलेले पान

पूर्वी वेणुमती नगरीत राजा जयसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व फुलझाडांच्या व्यापाऱ्याच्या कुळात जन्मला होता. नाव सुनंद. वेशीजवळ त्याचे रोपांचे दुकान होते आणि वल्गुक नावाचा भागीदार होता. त्या नगरीत एक जुनी रीत होती. अंगणात लावायचे झाड विकताना विकणाऱ्याने त्याचे एक पान गिऱ्हाइकासमोर चावून दाखवायचे. घरात पोरे असतात, जनावरे असतात; पान बाधणार नाही, याची ती हमी.

एकदा खेमा नावाची म्हातारी दुकानात आली. काखेतल्या टोपलीत तिची ढवळी मांजर होती. नवरा कधीच गेला होता, नदीकाठचे घरही पुरात वाहून गेले होते. नव्या घरात सोबत म्हणाल तर ती मांजरच.

गुलाबी कण्हेर पाहून ती थबकली. "अगं बाई, हीच की! आमच्या दारात अशीच होती. म्हातारा रोज सकाळी तिच्याखाली बसून दोर वळायचा. अंगभर फुलं पडायची, तरी झटकायचा नाही. हीच दे बाबा. पण ही ढवळी दिसेल ते पान चघळते. बाधणार नाही ना? चावून दाखव."

वल्गुक सुनंदच्या कानाशी लागला. "नुसतं दाढेखाली धर अन् मागे वळून थुंक. मांजर उंदीर खाईल, पाला कशाला खातेय?"

म्हातारीचा चेहरा असा उजळला होता की नाही म्हणणे सुनंदच्या जिवावर आले. तरी त्याने खुडून हाती घेतलेले पान खाली ठेवले.

"आजी, हे मी चावणार नाही. कण्हेरीचं पान, फूल, मूळ, सगळं विषारी. पोट जड झालं की मांजरं पाला खातात. ढवळीनं थोडं जरी खाल्लं तरी ती हाती लागायची नाही."

म्हातारी तडकली. "मला शिकवतोस? वीस वर्षं होती आमच्या दारात!"

"तेव्हा घरात मांजर होती?"

"होती की. काळी. म्हाताऱ्याच्या मांडीवरच..." ती थांबली. टोपलीवरचा हात घट्ट झाला. "एका सकाळी झाडाखाली मरून पडली होती. आम्ही म्हटलं, साप चावला. म्हातारा चार दिवस धड जेवला नाही. काठी घेऊन साप शोधत फिरायचा."

"त्यांना ठाऊक नव्हतं, आजी," सुनंद हळूच म्हणाला. "असतं तर त्यांनीच उपटली असती."

"उपटलीच असती," म्हातारीने डोळे पुसले.

मग सुनंदने मोगऱ्याचे रोप आणले, त्याचे पान तिच्यासमोर सावकाश चावले आणि कडवट लागले तरी गिळले. ढवळीने मान बाहेर काढून एक पान कुरतडले आणि तोंड फिरवले.

"हिला नाही आवडलं," म्हातारी हसली, "पण जगेल."

ती कण्हेर सुनंदने कुणालाच विकली नाही. दुकानामागे उंच कुंपणाच्या आत लावली. "जागा अडवून बसलीय, जावयासारखी!" वल्गुक कुरकुरायचा. दर बहराला खेमा ढवळीला घरी ठेवून यायची आणि त्या झाडाखाली बसायची. अंगावर फुले पडली तरी झटकायची नाही. निघताना मात्र कुंपणाच्या आतच पदर नीट झटकून, दोनदा पाहून मग घरी जायची.

ही पूर्वकथा भिक्खू-उपासकांच्या सभेत सांगून शास्ते भगवान म्हणाले, "तेव्हाची खेमा म्हणजे आज या सभेत बसलेली उपासिका सोमा. वल्गुक म्हणजे भिक्खू तिस्स, जो अजूनही कानाशी लागतो. आणि सुनंद तो मीच. समोरच्याला हवे ते उत्तर ओठांवर आले असता ते गिळून खरे ते मायेने सांगणे, ही सत्यपारमिता."