राखीव पथकाची बंदूक

“पळून गेलेल्या माणसांना बंदुका द्यायच्या कशासाठी, बाबा?”

निळोजी काटकराने हे विचारलं तेव्हा त्याचा एक पाय अजून रिकिबीतच होता.

दावलबाबा तकियासमोरच्या चिंचेखाली बसून आपल्या कफनीला ठिगळ लावत होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

“आधी पाणी पी,” ते म्हणाले.

निळोजी भैरवकड्याच्या सिलेखान्याचा कारभारी. गडावरची सगळी हत्यारं, दारू, शिसं त्याच्या हाताखाली. त्याच्याइतका अचूक निशाणा गडावर दुसऱ्या कुणाचा नव्हता, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं. निशाणा त्याला शिकवला होता तो बाबांनीच. तेव्हा ते गडाचे गोलंदाज होते. पुढे एका लढाईनंतर त्यांनी हत्यार खाली ठेवलं ते कायमचं, आणि घाटाच्या पायथ्याशी, कोंडवळी गावाबाहेर, तकिया म्हणजे एक लहानशी मठी बांधून फकीर होऊन बसले.

पाणी पिऊन निळोजीने कमरेचा कागद काढला.

गेल्या मार्गशीर्षात शत्रूची टोळी घाट चढून आली होती. गडाची फौज दूर मुलखात गेलेली. नगारा वाजला आणि पाच गावांचं राखीव पथक खिंडीत जमलं. शेतकरी, तेली, कुंभार, धनगर... एरवी आपापल्या कामात राबायचं आणि नगारा ऐकला की हत्यार घेऊन धावायचं, अशी ही माणसं. दोनशे जण होते. घटकाभरात खिंड मोकळी झाली. शत्रूने तीन गावांची गुरं हाकून नेली.

“मी वर लिहितोय,” निळोजी म्हणाला. “हे पथक भ्याड आहे, ते मोडावं. त्यांच्या वाटची दारूगोळी कायमची फौजेला द्यावी. गावं कुरकुर करतील. तुम्ही एक शब्द टाकलात तर ऐकतील.”

“किती पळाले?”

“एकशे एक्क्याऐंशी.”

“आणि बाकीचे?”

“एकोणीस जण थांबले.”

“त्यांचं काय झालं?”

“...पडले.”

बाबांनी दाताने दोरा तोडला, सुई कफनीला टोचून ठेवली आणि काठी घेतली.

“चल.”

गावाच्या चावडीमागे एक बुटकी खोली होती. पथकाचा म्होरक्या येसू नाईक धावत आला, कडी काढली. आत घोंगडीत गुंडाळलेल्या बंदुका होत्या, पुष्कळशा गंजलेल्या. भिंतीला भाले टेकून ठेवलेले. त्यातल्या निम्म्यांना पाती नव्हती, टोकं नुसती तासून विस्तवावर भाजून घेतली होती. कोपऱ्यात मडक्यात दारू.

निळोजीने मडक्यात हात घातला. दारूचे खडे झाले होते, गुळासारखे.

“ही कधीची?”

“चार सालांमागची, जी.”

“दरसाल मिळते ना तुम्हांला?”

येसू नाईक आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिला.

“कागदावर मिळती, जी. पर दरसाल निरोप येतो... औंदा गडाला नड हाय, राखीव माणसांनी भागवून घ्यावं.”

निरोप सिलेखान्यातूनच जायचा, निळोजीच्याच हुकमाने. निळोजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“फौज रोज लढते, बाबा,” तो जरा जोरातच म्हणाला. “ही माणसं पाच वर्षांतून एकदा. जो रोज लढतो त्याला आधी द्यायचं, यात माझं चुकलं काय?”

“काही नाही.”

“मग?”

“यातली एक बंदूक घे.”

निळोजीने त्यातल्या त्यात चांगली उचलली. नळी सरळ होती, दस्ता तेल लावून पुसलेला. खांद्याला लावून पाहिली. ठीक होती.

बाहेर खळ्यावर ऊन चढलं होतं. मळणी संपलेली, जमीन सारवलेली, तिच्यावर भुशाचा बारीक थर. चार माणसं गोळा झाली. बाबांनी त्यांच्यातल्या एकाला बोट दाखवलं.

“गेनू, काठी घे आणि त्या बाभळीपाशी जाऊन उभा राहा.”

गेनू तेली काटक माणूस होता. काही न विचारता गेला. बाभूळ शंभरेक पावलांवर असेल.

“निळबा,” बाबा म्हणाले, “गोळी घालू नकोस, नुसती दारू. तो तुझ्याकडे धावत येईल. तो पोचायच्या आत एक बार काढ. निघाला की मी तुझ्या कागदावर शब्द टाकतो.”

निळोजी हसला. असा बार त्याने पोरवयात शेकडो वेळा काढला होता, याच माणसाच्या देखरेखीखाली. त्याने मडक्यातले खडे चुरून दारू भरली, गजाने ठासली, नळीच्या बुडाशी असलेल्या कानावर चिमूटभर बारीक दारू, रंजक, ओतली, चापाला लावलेली वात, म्हणजे तोडा, पेटवून घेतला. हात सवयीने चालले.

“होऊ दे,” बाबा म्हणाले.

गेनू सुटला.

निळोजीने चाप ओढला. तोड्याचं टोक रंजकेवर टेकलं. फस्स झालं, पिवळा धूर निघाला... आत काहीच नाही.

त्याने पुन्हा रंजक ओतली. गेनू अर्ध्यावर आला होता. पुन्हा चाप. पुन्हा फस्स.

तिसऱ्यांदा ओतताना घाईत निम्मी रंजक भुशात सांडली. चाप ओढला. आता तोडाच विझला होता. जुन्या लुगड्याच्या चिंधीचा वळलेला तोडा, आतून दमट. निळोजी त्यावर फुंकर मारू लागला. गेनूच्या पावलांचा आवाज आला, मग श्वासाचा. मान वर केली तर काठी डोक्यावर उगारलेली, आणि तिच्याखाली एक चेहरा, दात आवळलेला.

काठी छातीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबली.

गेनूने ती खाली टाकली. “माफी असावी, सरकार.”

कुणी हसलं नाही. येसू नाईकाने तर तोंड दुसरीकडे फिरवलं.

बाबा निळोजीच्या पायांकडे पाहत होते.

निळोजीनेही खाली पाहिलं. भुशात त्याची पावलं उमटली होती. जिथे तो उभा होता तिथून मागे... एक, दोन, तीन.

त्याला आठवेना की आपण मागे कधी सरलो. काठीच तर होती. माणूसही आपलाच. भरदिवसा, गावच्या खळ्यावर.

त्याने बंदूक खाली घेतली. मग गेनूला म्हणाला, “त्या दिवशी तू खिंडीत होतास?”

“व्हतो.”

“काय केलंस?”

“पळालो, जी.” गेनूने नजर चोरली नाही. “माझ्याकडं भाला व्हता, बिनपात्याचा. घोडी दिसली आन् पळालो.”

“आणि जे थांबले, ते का थांबले?”

गेनू येसू नाईकाकडे बघू लागला. नाईकाने मान हलवली, तेव्हा तो म्हणाला, “त्या एकोणीस जणांकडं बंदुका व्हत्या.”

“म्हणजे?”

“आपल्या हातात बंदूक हाय, ती वाजंल, आसं त्यांना वाटलं, सरकार. म्हनून थांबले. माझा थोरला भाऊ व्हता त्यांच्यात. मी त्याला हाळी दिली, दादा, चल. तर म्हनला, तू हो म्होरं, माझी भरलेली हाय...” गेनूने गळ्याखालचा घाम पुसला. “दोनदा चाप वढला त्यानं. म्या वळून बघितलं तवा तिसऱ्यांदा वढत व्हता.”

चिमण्या खळ्याच्या कडेला दाणे टिपत होत्या.

“त्याची बंदूक?” निळोजीने विचारलं.

“तुमच्या हातात हाय, जी. आमची वैनी दर आयतवारी येती, तेल लावून पुसून जाती.”

निळोजीने दोन्ही हातांनी बंदूक पुढे केली. गेनूने ती घेतली, घोंगडीत गुंडाळली आणि चावडीकडे घेऊन गेला. येसू नाईक त्याच्या मागोमाग गेला. जमलेली माणसंही एकेक करून आपापल्या कामाला निघून गेली.

निळोजी खळ्याच्या कडेच्या दगडावर बसला. बरोबर आणलेली दौत-लेखणी त्याने काढली. मांडीवर कागद पसरला आणि त्यातला एक शब्द खोडला. मग ते वाक्य खोडलं. मग वरचं वाक्य. खोडता खोडता इतकं थोडं उरलं की त्याने तो कागद फाडला आणि कोरा काढला.

त्यावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं, सलग चार सालं लिहिली, आणि त्या चार सालांत राखीव पथकाचं काय काय कुठे वळवलं ते लिहिलं. हे वर गेलं की कारभारीपण राहील की जाईल, याची खात्री नव्हती. तरी लिहिलं. वाळू टाकून शाई टिपली.

बाबा काठीवर हनुवटी टेकून सारं पाहत होते.

“बाबा,” निळोजी म्हणाला. आवाज सकाळचा नव्हता. “सिलेखान्यात नव्या बंदुका साठच आहेत. फौजेलाही तेवढ्या पुरत नाहीत. दोन्हीकडची माणसं आपलीच. यांना किती द्याव्यात, तेवढं सांगा. तुम्ही सांगाल ते लिहितो.”

बाबा कफनीचं नवं ठिगळ चाचपू लागले.

“अर्ध्या?”

बाबांनी ठिगळाचा दोरा ओढून पाहिला.

“वीस तरी?”

दावलबाबा उठले. कफनीवरचा भुसा झटकला आणि तकियाच्या वाटेला लागले. चार पावलं गेल्यावर थांबले, पण वळले नाहीत.

“पुढच्या वेळी नगारा वाजेल तेव्हा तू कुठं उभा राहणार आहेस, गडावर की खिंडीत यांच्या शेजारी, ते आधी लिही, बेटा. मग आकडा लिही.”