न ठोकलेली माती

पूर्वी शंखपूर नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्या राज्याच्या मोठ्या कालव्याचा पाटकरी होऊन जन्माला आला होता. कालवा नदीपासून निघून सात कोस जात असे, आणि त्या सातही कोसांचा बांध सांभाळणं हे त्याचं काम. कुठे उंदरांनी बीळ केलं, कुठे खेकड्याने माती उकरली, कुठे म्हशी उतरून काठ खचला, सगळं त्याच्या पायांना ठाऊक होतं. शेतकरी म्हणत, हा माणूस आहे तोवर डोळे मिटून पेरावं. माणूस खरोखरच चांगला होता. आणि चांगल्या माणसाच्या हातून काय होऊन बसतं त्याचीच ही गोष्ट आहे, तेव्हा ऐकताना मन जरा घट्ट करा.

चौथ्या कोसावर, बांधाच्या खालच्या अंगाला, सखल जागेत बुरुडांची वस्ती होती. आठ-दहा झोपड्या. टोपल्या, सुपं, कणग्या विणून ती माणसं पोट भरत. त्यांना शेती नव्हती म्हणून कालव्याच्या पाण्यावर हक्कही नव्हता. राज्याचा नेमच तसा होता. डोक्यावरून पाणी वाहत जायचं आणि खाली ही माणसं डबक्यातलं पाणी फडक्याने गाळून प्यायची. एका वर्षी ते डबकंही आटलं. वस्तीतली दोन तान्ही मुलं गेली. तेव्हा बिंबा नावाची म्हातारी बांध चढून वर आली. तिचा शब्द वस्तीत चालत असे.

ती म्हणाली, "दादा, आम्हाला काही पाट नको. करंगळीएवढी धार सोडा. तुमच्या एवढ्या पाण्याला पत्तासुद्धा लागायचा नाही."

बोधिसत्त्वाला गलबलून आलं. दरबारात जाऊन मागावं, असं त्याच्या मनात आलं. पण दरबारात शेतकरी ओरडले असते, अमात्यांनी नियम काढला असता, आणि एकदा नाही म्हटलं म्हणजे दार कायमचंच बंद. तेवढा वेळ वस्तीतल्या उरलेल्या मुलांकडे नव्हता. मग त्याने कुणाला न विचारता ठरवून टाकलं.

राजाच्या नांगरणीचा उत्सव होता. सगळे शेतकरी नगरात गेले होते. बिंबाचा मुलगा कोंडक तेव्हा ऐन विशीत होता. त्याने ताडाचं एक खोड आतून पोखरून आणलं. दोघांनी मिळून बांधात चर खणला, खोड आडवं घातलं आणि माती पुन्हा लोटली.

आता बांधातली माती म्हणजे नुसती टाकलेली माती नव्हे. वीतभर थर घालायचा, त्यावर पाणी शिंपडायचं, मग दोन मुठींच्या धुम्मसाने तो ठोकायचा. थर निम्मा बसला की पुढचा. हे बोधिसत्त्वाइतकं कोणाला कळत होतं? पण धुम्मसाचा दणका कोसभर ऐकू जातो. पुढच्या चौकीवरचा पहारेकरी धावत आला असता. म्हणून त्याने माती पायांनी दाबली, हातांनी थापटली, वर गवताची ढेकळं बसवली आणि स्वतःच्या मनाला सांगितलं, एवढं पुरे.

धार सुरू झाली. बिंबाने ओंजळभर पाणी पिऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पुढे नऊ वर्षं तो त्या वाटेने जायचा, खाली घागर भरल्याचा आवाज यायचा आणि त्याला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटायचं.

नवव्या वर्षी भाद्रपदात कालवा तुडुंब वाहत होता. बोधिसत्त्व चौथ्या कोसावर आला तर ताडाच्या खोडाशेजारी बांध ओला दिसला. बांधाला पाझर असतोच, त्याने कोणी घाबरत नाही. पाझर नितळ असला तर खुशाल झोपावं. गढूळ झाला की समजावं, पाणी आतली माती बरोबर घेऊन निघालं आहे. त्याने बोट बुडवून पाहिलं. बोटाला चिखल लागला. खोड आत कुजलं होतं, आणि त्याच्या भोवतीच्या भुसभुशीत मातीतून पाण्याने आपली वाट काढली होती.

उपाय एकच होता. वरचं दार बंद करायचं, कालवा रिकामा करायचा आणि बांध उकरून नव्याने भरायचा. पण भात पोटरीवर आलं होतं. ऐन मोक्याला पाणी का तोडलं, असं शंभर जणांनी विचारलं असतं, आणि उकरल्यावर खोड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं असतं. तो मनाशी म्हणाला, चार दिवस जाऊ देत, पाणी उतरेल, मग गुपचूप काढून टाकू. त्याने दोन टोपल्या चिकणमाती आणून ओल्या जागेवर लिंपली. खालच्या माणसांना उठून जा म्हणूनही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, चुली पेटायच्या वेळेला, बांध गेला. आधी खोडाची जागा घागरीएवढी झाली, मग दरवाजाएवढी, मग वरचा काठ खाली बसला आणि चाळीस हात रुंदीचं भगदाड पडलं. बोधिसत्त्व धापा टाकत पोचला तेव्हा वस्तीच्या जागी नुसतं तांबडं पाणी फिरत होतं आणि त्यावर सुपं तरंगत होती. एकतीस माणसं गेली. बिंबा गेली. कोंडकाची बायको आणि त्याच्या दोन्ही मुली गेल्या. तो स्वतः डोंगरात वेळू तोडायला गेला होता, म्हणून उरला.

राजा आला. मंत्री आले. खाली भातं वाळणार म्हणून शेतकरी छाती बडवीत आले. चिखलात ताडाचं अर्धं खोड सापडलं, तेव्हा अमात्य विशाख म्हणाला, "पाहा महाराज! या बुरुडांनी पाणी चोरायला नळ घातला आणि राज्याचा बांध फोडला. मेले ते आपल्या कर्माने मेले."

वस्तीत धडधाकट म्हणावा असा एकटा कोंडकच राहिला होता. त्याला धरून आणला. राजाने विचारलं, "हा नळ कोणी घातला?"

कोंडक काही बोलला नाही. काठीचे चार तडाखे बसले, तरी बोलला नाही.

पुरोहित म्हणाला, "ज्याने बांध फोडला त्यालाच नव्या भरावात पुरावं. मग बांध धरेल." लोकांनी माना डोलावल्या. राजानेही होकार दिला.

बोधिसत्त्वाने पुढे होऊन हात जोडले. "महाराज, बांधात जे कुजतं ते पोकळी करतं. लाकूड कुजलं म्हणून हा बांध गेला. माणूस पुरलात तर तोही कुजेल आणि बांध त्याच जागी पुन्हा फुटेल."

राजाला ते पटलं. बोधिसत्त्वाने सुटकेचा श्वास टाकला. पण तोंडचं वाक्य पुरतं विरायच्या आत राजा म्हणाला, "बरोबर आहे. मग याला बांधापासून लांब नेऊन मारा."

शहाणपणाने जेवढं होण्यासारखं होतं तेवढं होऊन गेलं होतं. बोधिसत्त्वाने कोंडकाकडे पाहिलं. कोंडकानेही वर पाहिलं आणि कोणाच्या लक्षात येणार नाही इतकीच मान हलवली. नका बोलू, असं तो सांगत होता. घरदार पाण्यात गेलेला माणूस पाणी देणाऱ्याला वाचवत होता. ते पाहून बोधिसत्त्वाला स्वतःची इतकी लाज वाटली की पायांखालची जमीनही नकोशी झाली.

"महाराज, त्याला सोडा," तो म्हणाला. "नळ मी घातला."

राजाने हात वर करून शिपायांना थांबवलं.

"नऊ वर्षांपूर्वी घातला. माती ठोकली नाही, कारण ठोकली असती तर ऐकू गेलं असतं. परवापासून पाझर गढूळ होता. मला दिसला होता. पाणी तोडलं असतं तर ही माणसं जगली असती. मी विचारणाऱ्यांना भ्यालो आणि माती लिंपून घरी गेलो."

एक म्हातारा शेतकरी पुढे आला. "पाटकरीदादा, तुम्ही? अहो, तुमच्या भरवशावर झोपत होतो आम्ही!"

राजा म्हणाला, "हा बुरूड तर तोंड उघडत नव्हता. तू गप्प राहिला असतास तर कोणाला कळलं असतं?"

"तो बोलणार नव्हता, म्हणूनच मला बोलावं लागलं."

राजाने कोंडकाला सोडलं. बोधिसत्त्वाला म्हणाला, "तुझा मान गेला, तुझं घर गेलं. हा बांध तू मजूर म्हणून बांधशील आणि मरेपर्यंत मजूरच राहशील."

"राहीन. एकच मागणं आहे. नव्या बांधात वस्तीसाठी दगडी मोरी ठेवू द्या. उघड, सगळ्यांच्या देखत."

"आता वस्तीत आहे कोण?"

"सात जण आहेत, महाराज."

राजाने एकदा भगदाडाकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठेव."

काम सुरू झालं. बोधिसत्त्वाने भगदाडातला गाळ काढून टणक जमीन लागेपर्यंत खणायला लावलं. जुन्या बांधाच्या दोन्ही तुटलेल्या अंगांना पायऱ्या कापल्या, नवी माती जुनीत गुंतावी म्हणून. मातीतली मुळी, काडी, गवताचं पातंसुद्धा वेचून काढलं. मोरी दगडात घडवली आणि तिच्या भोवती चिकणमाती बोटांनी कोंबून लाकडी ठोकळ्याने ठोकली. मग वीत वीत थर चढू लागले. पण धुम्मसाला दोन माणसं लागतात, आणि त्याच्याबरोबर दुसरी मूठ धरायला कोणी तयार होईना. दोन दिवस तो एकटाच तो जड धुम्मस कसाबसा उचलत राहिला. तिसऱ्या दिवशी कोंडक आला आणि त्याने समोरची मूठ धरली.

दुपारपर्यंत दोघे ठोकत होते. मग कोंडक म्हणाला, "तेव्हा दरबारात मागितलं असतंत तर ते नाहीच म्हणाले असते."

"हो."

"मग आम्ही उठून नदीकाठी गेलो असतो. आईचं तसंच चाललं होतं. बोचकी बांधून झाली होती. धार आली म्हणून राहिलो."

कोंडकाने धुम्मस उचलला, बोधिसत्त्वानेही उचलला. त्यानंतर बांध पुरा होईपर्यंत कोंडक रोज येत राहिला. त्याने क्षमा केली असं कधी म्हटलं नाही, आणि बोधिसत्त्वाने कधी मागितली नाही. मोरीतून पाणी पडलं त्या दिवशी उरलेल्या सात जणांनी घागरी लावल्या. बोधिसत्त्व पुढे सतरा वर्षं त्याच बांधावर मजुरी करून मेला.

ही कथा भगवान शास्त्यांनी एका वर्षावासात भिक्षूंना सांगितली. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा भद्रसेन म्हणजे या विहाराला जमीन देणारा गृहस्थ. म्हातारी बिंबा म्हणजे ती दाराशी बसलेली भिक्षुणी. कोंडक म्हणजे तुमचा हा वेणुक, जो कोणाचं वाईट बोलत नाही. आणि तो पाटकरी मीच होतो."

मागच्या ओळीतल्या एका भिक्षूने विचारलं, "भंते, आणि बुडाले ते?"

शास्त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"ते तुम्ही," शास्ते म्हणाले.

मग त्यांनी त्या जन्मात पुऱ्या झालेल्या गुणाचं नाव सांगितलं. ती सत्यपारमिता होती. "तीन दिवस उशिरा पुरी झाली," असं म्हणून ते उठले.